पडदा, उशी, गालिच्यावरची नक्षी ओळखायची कशी? अगदी पहिल्यापासून

सोफ्याच्या एका कुशनचं कव्हर फाटलं आणि तसंच दुसरं हवंय, किंवा पडद्याला मॅचिंग बेडशीट शोधायचंय, की मग आपण सर्चमध्ये काय टाकतो? "निळं पानाफुलांचं डिझाईन". आणि समोर हजारो निळी पानंफुलं येतात, त्यात आपलं एकही नसतं. दुकानदाराला फोनवर सांगायला जावं तर तो म्हणतो फोटो पाठवा, फोटो पाठवला की म्हणतो असंच काहीतरी आहे, आणि येतं ते भलतंच.

याचं कारण म्हणजे नवीन माणूस नेहमी फुलापासून सुरुवात करतो. गुलाब आहे का कमळ आहे, मोर आहे का पोपट, यातच अडकतो. पण फूल हे सगळ्यात शेवटी बघायचं असतं. तेच गुलाबाचं फूल छापील कापडावर एका नावाने ओळखलं जातं, विणलेल्यावर दुसऱ्या, आणि मांडणी बदलली की तिसऱ्या. मी जो क्रम वापरते तो असा: आधी कापड बनवलंय कसं, मग नक्षी मांडलीये कशी, मग त्यात आहे काय, आणि नाव सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर निम्मी नावं आपोआप बाद होतात.

काय काय लागेल

फार काही नाही:

- एक भिंग, दहा पटवालं असलं तर उत्तम. फोनचा मॅक्रो कॅमेरापण चालतो
- शिवणकामाची टेप
- बारीक सुई, कडेचा एखादा धागा सोडवून बघायला
- दिवसाचा उजेड. पिवळ्या बल्बखाली क्रीम आणि पांढरा सारखेच दिसतात, नेव्ही आणि काळा तर हमखास, त्यामुळे संध्याकाळी हे काम काढू नका
- कापडावर लेबल असेल तर ते, आणि कापडाचा काठ कुठे शिल्लक असेल तर तो (याबद्दल पुढे)

१. कापड उलटं करा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. सोफा शिवून बंद असेल तर कुशनची चेन उघडून आत शिवणीपाशी बघा, पडद्याची खालची दुमड उलगडून बघा, कुठे ना कुठे उलटी बाजू दिसतेच.

उलट्या बाजूला नक्षी फिकट किंवा जवळपास गायब असेल तर कापड छापील. नक्षी दिसतेय पण रंग उलटे झालेत, म्हणजे पुढे पांढऱ्यावर निळं आणि मागे निळ्यावर पांढरं, किंवा मागे धागे लांब लांब लोंबकळतायत, तर नक्षी विणतानाच आलेली आहे. मागे गाठी, टाके, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उडी मारलेले धागे दिसले तर भरतकाम. आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसत असतील तर धागे आधीच रंगवून मग विणलंय, चौकड्या आणि पट्टे बहुतेकदा असेच असतात.

इथे एक गोची आहे. पातळ कापडावर छापलं की शाई मागेपर्यंत जाते आणि दोन्ही बाजू सारख्या वाटतात. शिवाय अजरखसारखं ठशाच्या छपाईचं कापड मुद्दाम दोन्ही बाजूंनी छापलेलं असू शकतं. अशा वेळी सुईने कडेचा एक धागा सोडवा आणि तो एकटा भिंगाखाली धरा. सलग एकाच रंगाचा असेल तर रंगीत धाग्यांनी विणलंय. तुकड्या तुकड्याने रंग बदलतोय आणि एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी लागलाय, तर छापलंय. रंग तुकड्यातुकड्याने बदलतो पण धाग्याच्या आरपार मुरलाय, तर ते इकत (धागे बांधून, तुकड्यातुकड्याने रंगवून मग विणलेलं, पुढे येईल) असण्याची बरीच शक्यता आहे.

छापील आहे हे कळलं की छापलं कसं तेही बघून घ्या. ठशाच्या छपाईत एक ठसा संपून दुसरा सुरू होतो तिथे रेघ किंचित जाड होते, नाहीतर बारीकशी फट राहते, कधी पानाचा हिरवा बाह्यरेषेच्या थोडा बाहेर गेलेला असतो. डिजिटल प्रिंटवर भिंग धरलं की बारीक ठिपके दिसतात आणि रंगाच्या छटा भरपूर असतात. हल्ली ठशाच्या त्या चुकाही डिजिटलमध्ये मुद्दाम छापतात, पण मग प्रत्येक रिपीटमध्ये तीच चूक त्याच जागी येते, तिथे पकडायचं.

आणि हो, लेबलवर "जॅकार्ड" लिहिलेलं असेल तर ते डिझाईनचं नाव समजू नका. जोसेफ मारी जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास लियों शहरात भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारी मागाची यंत्रणा बनवली, तिच्यावरून हा शब्द आलाय. जॅकार्डवर फूल, चौकोन, हत्ती, काहीही विणता येतं. लेबल तुम्हाला फक्त पहिल्या पायरीचं उत्तर देतंय.

२. रिपीट शोधा आणि मोजा

नक्षीचा एक तुकडा असतो, तोच पुन्हा पुन्हा येतो, त्याला रिपीट म्हणतात. शोधायचा कसा? एक अगदी छोटीशी खूण पकडा, अख्खं फूल नको, एखाद्या पानाचं वाकलेलं टोक घ्या. तिथून सरळ वर जात तेच टोक परत कुठे येतं बघा, टेप लावा, हा उभा रिपीट. मग तसंच आडवं. फसायला होतं ते अशामुळे की दोन फुलं सारखी दिसतात पण एकाचं देठ डावीकडे असतं आणि दुसऱ्याचं उजवीकडे, मग तुमचं माप अर्ध्यावर येतं. म्हणून टोकच घ्या.

आडवं बघताना शेजारचा तुकडा त्याच उंचीवर आहे का तेही बघा. असेल तर सरळ रिपीट. निम्म्याने खाली सरकलेला असेल तर हाफ-ड्रॉप, फुलाफुलांच्या पडद्यात हा खूप सापडतो कारण त्यात आडव्या ओळी डोळ्यात भरत नाहीत. आडव्या ओळी निम्म्याने बाजूला सरकल्या असतील, विटांच्या भिंतीत असतात तशा, तर ब्रिक.

हे माप फक्त ओळखायलाच नाही, कापड मागवायलाही लागतं. समजा पडद्याला शिलाईसकट २३० सेंटीमीटर उंची हवी आणि रिपीट ६४ सेंटीमीटरचा आहे. तर प्रत्येक पाखाला २३० नाही, २५६ सेंटीमीटर धरायचं, म्हणजे पूर्ण चार रिपीट, नाहीतर दोन पाखं शेजारी लावल्यावर एकावरचा पक्षी दुसऱ्यावरच्या पक्ष्याच्या खांद्यावर बसतो.

३. सांगाडा बघा

आता डोळे थोडे किलकिले करून लांबून बघा, फुलं धूसर होऊ देत. पट्टे दिसतायत? चौकड्या? नागमोडी? जाळी? का सुटे सुटे बुट्टे? का एकच मोठं पदक मध्ये आणि बाकी सगळं भोवती? हा सांगाडा.

जुळ्या भावंडांची गडबड इथेच सगळ्यात जास्त होते.

*चौकड्या.* सगळ्याला "चेक्स" म्हणून मोकळं होऊ नका. एक रंग आणि सोबत पांढरा, पट्ट्यांची रुंदी सारखी, आणि तीन छटा दिसतात, गडद, मध्यम आणि पांढरी, तर ते गिंगहॅम. मधली छटा कुठून येते तर रंगीत धागा आणि पांढरा धागा एकमेकांवरून जातात तिथे, भिंगातून तो चौकोन ठिपक्या-ठिपक्यांचा दिसतो. तोच चौकोन भिंगाखालीही सपाट फिका निळा दिसला तर गिंगहॅम छापलेलं आहे. चौकोन चांगले मोठे असतील, विशेषतः लाल-काळे, तर त्याला बफेलो चेक म्हणतात. वेगवेगळ्या रुंदीचे बरेच रंग, आणि उभ्या पट्ट्यांचा क्रम जसाच्या तसा आडव्यातही, तर टार्टन. अस्सल टार्टन ट्विल म्हणजे तिरक्या विणीचं असतं त्यामुळे रंग मिसळतात तिथे बारीक तिरक्या रेघा दिसतात. मोकळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या बारीक रेघांचे मोठे चौकोन, तर विंडोपेन.

चौकटीला कोपऱ्यातून टोकं फुटल्यासारखी दिसली, काळी-पांढरी, तर हाउंडस्टूथ. यात गंमत म्हणजे ती टोकं कोणी काढलेली नसतात. चार गडद धागे, चार फिके धागे, उभेपण आणि आडवेपण, आणि वीण ट्विल, एवढं केलं की टोकं आपोआप येतात.

*नागमोडी.* शेव्हरॉन आणि हेरिंगबोन यात ऑनलाइन विक्रेतेसुद्धा सर्रास घोळ घालतात. रेघ न तुटता वर-खाली, वर-खाली जात राहते आणि टोकाला टोक बरोबर मिळतं, तो शेव्हरॉन. टोकापाशी रेघ तुटते आणि दुसऱ्या बाजूची रेघ जराशी सरकून सुरू होते, तो हेरिंगबोन. फक्त टोक बघायचं, बाकी काही बघूच नका.

*जाळी.* सरळ रेषांनी बनलेली जाळी असेल तर ट्रेलिस. घर मध्ये फुगलेलं आणि वर-खाली निमुळतं असेल, रेषा बाकदार, तर ओजी. तुर्कस्तानातल्या ऑटोमन काळातल्या रेशमी कापडांत आणि इटलीच्या जुन्या मखमलीत ही ओजी भरपूर आहे. चार पाकळ्यांसारखे गोल जोडलेले असतील तर क्वाट्रफॉइल, ज्याला बाजारात "मोरोक्कन" म्हणून विकतात.

४. आता आकृती

आता फुलाकडे या. सगळ्या आकृत्या इथे देणं शक्य नाही, ज्या घरात सारख्या सापडतात आणि ज्यात फसायला होतं तेवढ्याच घेते.

*डमास्क.* नाव दमास्कस शहरावरून. एकाच रंगाचं कापड आणि तरी नक्षी दिसते, कारण नक्षीचा भाग चकचकीत आणि पार्श्वभूमी मॅट, किंवा उलट. ताण्याचे (उभे) धागे वर आले की प्रकाश एका दिशेने परततो आणि बाण्याचे (आडवे) आले की दुसऱ्या. कापड हातात धरून हळूहळू फिरवा, एका क्षणी नक्षी गडद दिसेल आणि थोडं वळवलं की तीच फिकी. उलट केलं की तीच नक्षी, फक्त चकाकी पालटलेली. हे होत नसेल आणि तरी तसली मोठी सममित पानंफुलं असतील तर ते "डमास्क डिझाईनचं प्रिंट". वाईट काही नाही त्यात, पण किंमत डमास्कची देऊ नका.

*कोयरी.* ही आपल्याला सांगायला नकोच. इंग्रजीतलं पेझली हे नाव स्कॉटलंडमधल्या पेझली गावाचं, एकोणिसाव्या शतकात तिथे काश्मिरी शालींच्या नकला मागावर विणल्या जायच्या. कोयरी ओळखणं सोपं, पण काळ ओळखायचा असेल तर लांबी बघा. जुन्या शालींवर ती एका झुडपासारखी असते, फुलांचं रोपटं आणि शेंडा किंचित कललेला. पुढे ती भरीव होत गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लांबच लांब होऊन एकमेकींत गुंतली. आज तशा लांब कोयरीचं बेडशीट असेल तर ते जुनं आहे असं नाही हं, डिझाईन त्या काळच्या वळणाचं आहे एवढंच.

*त्वाल.* फिकट पार्श्वभूमीवर एकाच रंगात, बहुतेकदा लाल किंवा निळ्या, छोटी छोटी दृश्यं: झाडाखाली बसलेली माणसं, मेंढ्या, पडकी देवळं, आणि प्रत्येक दृश्य बेटासारखं सुटं. ओबरकाम्फ नावाच्या माणसाने १७६० मध्ये व्हर्सायजवळच्या जुई गावात कारखाना काढला, १७७० पासून तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छपाई सुरू केली, आणि त्या गावाचं नाव या कापडाला कायमचं चिकटलं (त्वाल द जुई). कारखाना १८४३ मध्ये बंद झाला, नक्षी अजून चालू आहे. ओळखायची खूण भिंगातून दिसते: सावली सपाट रंगाची नसते, बारीक बारीक समांतर रेघांची असते, कारण ती मुळात धातूवर कोरलेली होती.

यात पॅगोडा, कमानदार पूल, छत्रीवाली माणसं आली तर ते शिन्वाझरी, म्हणजे अठराव्या शतकातल्या युरोपने मनाने रंगवलेला चीन.

*छीट, म्हणजे इंग्रजीतलं चिंट्झ.* पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर रंगीत वेली आणि मोठी फुलं, कधीकधी वर कडक चकाकी. भारताच्या पूर्वेकडच्या कोरोमांडल किनाऱ्यावरून ही युरोपात एवढी गेली की तिथल्या विणकरांचं धाबं दणाणलं आणि फ्रान्सने १६८६ मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. अख्ख्या चादरीवर एकच मोठं झाड असेल, खाली खडकाळ टेकडी आणि फांद्यांवर एकमेकांशी न जुळणारी फुलं, तर ते पलमपोर. आज मात्र मोठ्या फुलांच्या कुठल्याही पडद्याला चिंट्झ म्हणतात, तेव्हा हे नाव सर्चमध्ये एकटं टाकून उपयोग नाही.

*इकत.* धागे विणायच्या आधी बांधून रंगवतात, त्यामुळे आकाराच्या कडा फिस्कटलेल्या. कडा उभ्या दिशेने फिस्कटल्या असतील तर ताणा रंगवलाय, आडव्या असतील तर बाणा, दोन्हीकडे असतील तर दुहेरी इकत, जे फार थोड्या ठिकाणी होतं, पाटणचा पटोळा आणि बाली बेटावरच्या तेंगानानचं गेरिंगसिंग ही त्यातली मोठी नावं. खोटं ओळखायचं तर दोन रिपीट शेजारी धरा. खऱ्या इकतमध्ये फिस्कटणं प्रत्येक वेळी वेगळं. छापलेल्यात तेच ते.

*सुझानी.* उझबेकिस्तानचं भरतकाम, मोठमोठी गोल फुलं, त्याभोवती वेली. मला स्वतःला घरातल्या सगळ्या कापडांत हेच जास्त आवडतं, आणि त्याचं कारण त्याची जोडणी. अरुंद पट्ट्या तात्पुरत्या टाचून त्यावर नक्षी काढायची, मग पट्ट्या सोडवून घरातल्या बायकांनी वाटून घ्यायच्या, भरून झाल्यावर परत जोडायच्या. त्यामुळे जोडावर फुलाचे दोन अर्धे नीट जुळत नाहीत, कधी डावा अर्धा गडद लाल आणि उजवा थोडा नारिंगी. जुळत नाही म्हणून दोष समजून परत करू नका!

जॅकोबियन मोठ्या पानांचं असतं, एकेका पानाच्या पोटात वेगळीच नक्षी भरलेली, मूळ इंग्लंडमधलं लोकरीचं भरतकाम. अजरखमध्ये भौमितिक तारे, नीळ आणि गडद लाल, पांढऱ्या बाह्यरेषा. बाटिकमध्ये, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडात, मेणाला तडे जाऊन आलेल्या बारीक शिरा.

५. गालिच्याचं वेगळं बघायचं

आधी हात फिरवा. लव आहे का सपाट? सपाट असेल तर उजेडासमोर धरा, रंग बदलतो तिथे उभ्या बारीक चिरा दिसल्या तर किलीम. या चिरा फार लांब होऊ नयेत म्हणून तिरकी रेघ पायऱ्या-पायऱ्यांनी नेतात, म्हणून किलीमची नक्षी अशी कोनाकोनांची.

लव असेल तर मागून बघा. नक्षी मागेही स्वच्छ दिसते आणि झालर म्हणजे गालिच्याचेच ताण्याचे धागे बाहेर आलेत, तर हातगाठीचा असण्याची शक्यता मोठी. झालर वरून शिवलेली असेल तर बहुतेक मशीनचा. मग नक्षी: चौकटीत फूल आणि बाहेर चार वाकलेली पानं, तर हेराती. ओळीने अष्टकोन, तर तुर्कमेन वळणाचे गुल. एकाच टोकाला कमान, तर नमाजाच्या गालिच्याची मांडणी.

६. नाव शोधणं

कापडाचा काठ मिळाला तर लॉटरीच. छापील कापडाच्या काठावर बऱ्याचदा कंपनीचं नाव, डिझाईनचं नाव आणि वापरलेल्या रंगांचे छोटे गोळे ओळीने असतात. तिथे साल छापलेलं असेल तर ते साधारणपणे डिझाईनच्या हक्काचं, तुमचं कापड त्या साली छापलंय असं नाही. विल्यम मॉरिसचं पक्षी आणि स्ट्रॉबेरीवालं स्ट्रॉबेरी थीफ हे डिझाईन १८८३ चं आहे आणि आजही नव्याने छापून विकलं जातं.

काठ नसेल तर फोटो सर्च. कापड सपाट पसरा, कॅमेरा बरोबर वरून, आणि फक्त एक रिपीट येईल असं कापा. रंगीत फोटोवर सर्च बऱ्याचदा रंगाच्याच मागे धावतो, म्हणून तोच फोटो काळा-पांढरा करून परत टाका, दुसऱ्यांदा येणारे रिझल्ट वेगळेच असतात. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम यांचे कापडांचे संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतात, तिथे तंत्राच्या नावाने शोधलं की डोळा पटकन तयार होतो.

शब्दांनी शोधताना क्रम तोच: तंत्र, मांडणी, आकृती, रंग, वस्तू. "बोहो", "एथनिक", "रॉयल" हे शब्द विक्रेत्याच्या मूडचे आहेत, नक्षीचे नाहीत, ते टाकूच नका.

७. नाव सापडलंच नाही तर

खूप कापडांना नाव नसतंच, कोणीतरी तीन गोष्टी एकत्र करून डिझाईन बनवलेलं असतं. तेव्हा वर्णन लिहा, असं: "छापील, सुती, मागची बाजू फिकट. ओजी जाळी, हाफ-ड्रॉप, उभा रिपीट ३२ सेंटीमीटर. प्रत्येक घरात एक डाळिंब आणि दोन पानं, एकाच दिशेला तोंड. क्रीमवर विटकरी आणि शेवाळी." एवढं वाचून कुठलाही कापडवाला दोन-तीन पर्याय तरी बरोबर काढतो. सोबत पाच फोटो द्या: अख्खी वस्तू, टेप लावलेला एक रिपीट, भिंगातला जवळून, उलटी बाजू, आणि काठ किंवा शिवण. आणि तेच डिझाईन मिळालं तरी ऑर्डर द्यायच्या आधी छोटा तुकडा मागवा, कारण वेगळ्या लॉटमध्ये रंग थोडा इकडे तिकडे होतोच, आणि तुमचं जुनं कव्हर उन्हाने फिकं झालेलं असतं ते वेगळं, त्यामुळे रंग जुळवताना चेनच्या आतला न विटलेला भाग बाहेर काढून त्याच्याशी जुळवा.